स्वयंचलित गिअरबॉक्सच्या नियंत्रण प्रणालीतील विद्युत दोषांचे निदान : तत्त्वे आणि पद्धती

सारांश

मोटारीच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे नियंत्रण आज प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे होते. त्यामुळे गिअरबॉक्स बिघडल्याचे बाह्य लक्षण दिसत असले तरी त्यामागचे कारण अनेकदा यांत्रिक नसून विद्युत स्वरूपाचे असते. अशा वेळी संपूर्ण गिअरबॉक्स किंवा नियंत्रक बदलण्याचा सल्ला दिला जातो आणि मूळ दोष मात्र तसाच राहतो. प्रस्तुत लेखात या प्रणालीची रचना, दोषसंकेतांकांचा अर्थ व त्यांच्या मर्यादा, विद्युत दोषांचे प्रकार आणि निदानाची क्रमवार पद्धती यांचे विवेचन केले आहे. मर्सिडीझ-बेंझ कंपनीच्या ७२२.६ या गिअरबॉक्समधील एका सुपरिचित दोषाचे विश्लेषण उदाहरणादाखल केले असून या विषयाच्या शैक्षणिक उपयुक्ततेचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : स्वयंचलित गिअरबॉक्स, नियंत्रक, संवेदक, सोलेनॉइड, दोषसंकेतांक, विभवांतरातील घट, निदान.

१. प्रस्तावना

चालकाने क्लच दाबून गिअर बदलण्याऐवजी ते काम यंत्रावर सोपवण्याची कल्पना नवीन नाही. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये 'हायड्रामॅटिक' हा गिअरबॉक्स १९४० च्या ओल्डस्मोबिल मोटारींसाठी उपलब्ध करून दिला, तेव्हापासून स्वयंचलित गिअरबॉक्सचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन सुरू झाले. त्या काळी गिअर केव्हा बदलायचा याचा निर्णय तेलाचा दाब, स्प्रिंगा आणि झडपा यांच्या परस्परसंबंधातून होत असे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हा निर्णय हळूहळू सूक्ष्मप्रक्रियकाकडे गेला. तेलाचा दाब आजही क्लच दाबण्याचे काम करतो. परंतु तो कोणत्या क्षणी, कोणत्या क्लचवर आणि किती प्रमाणात द्यावयाचा, हे विद्युत संकेत ठरवतात.

भारतात स्वयंचलित गिअरबॉक्स दीर्घकाळ महागड्या मोटारींपुरते मर्यादित होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओ या छोट्या मोटारीत स्वयंचलित केलेला मॅन्युअल गिअरबॉक्स दिला आणि ही सोय मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्यात आली. त्याबरोबर एक नवा प्रश्नही उभा राहिला. गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करणारा अनुभवी मेकॅनिक आणि वायरिंगचे काम करणारा इलेक्ट्रिशियन ही आपल्याकडील परंपरेने दोन स्वतंत्र माणसे आहेत. नव्या गिअरबॉक्समधील दोष मात्र या दोघांच्या कार्यक्षेत्रांच्या सीमेवर निर्माण होतो. सीमेवरच्या दोषाची जबाबदारी कोणी घेत नाही आणि त्याचा भुर्दंड वाहनमालकाला सोसावा लागतो. काही रुपयांच्या रबरी कड्यामुळे किंवा गंजलेल्या अर्थ जोडणीमुळे निर्माण झालेल्या दोषासाठी लाखाच्या घरातील सुटा भाग बदलला जाणे ही त्यामुळेच अशक्य कोटीतील गोष्ट राहिलेली नाही. आर्थिक हानीखेरीज सुरक्षिततेचाही प्रश्न येथे आहे. घाटातील चढावर किंवा द्रुतगती मार्गावर अचानक एकाच गिअरमध्ये अडकलेली मोटार स्वतःच्या प्रवाशांना आणि मागून येणाऱ्या वाहनांनाही धोकादायक ठरते.

२. नियंत्रण प्रणालीची रचना

कोणत्याही नियंत्रण प्रणालीप्रमाणे येथेही तीन घटक असतात : माहिती देणारे संवेदक, निर्णय घेणारा नियंत्रक आणि निर्णय अमलात आणणारी साधने.

संवेदकांमध्ये गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या व त्यातून बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या फिरण्याचा वेग मोजणारे संवेदक, तेलाच्या तापमानाचा संवेदक आणि चालकाने लिव्हर कोणत्या स्थानी ठेवला आहे हे सांगणारा स्थानदर्शक स्विच यांचा समावेश होतो. वेग मोजणारे संवेदक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात चुंबक व तारेचे वेटोळे असते. दातेरी चक्र त्यासमोरून फिरले की वेटोळ्यात प्रत्यावर्ती विभवांतर प्रवर्तित होते. त्याला बाहेरून वीजपुरवठा लागत नाही, परंतु वेग फार कमी असताना त्याचा संकेत क्षीण असतो. दुसरा प्रकार हॉल परिणामावर आधारित असून त्याला वीजपुरवठा आवश्यक असतो आणि त्याच्याकडून चौकोनी आकाराचा संकेत मिळतो. हा भेद निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारच्या संवेदकाचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो. दुसऱ्या प्रकाराच्या बाबतीत असे मापन निरर्थक ठरते.

नियंत्रक ही माहिती घेतो, इंजिनाच्या नियंत्रकाकडून इंजिनाचा वेग, त्यावरील भार व अॅक्सिलरेटरची स्थिती जाणून घेतो आणि सोलेनॉइडना आदेश देतो. पाठ्यपुस्तकांत ज्याला नालकुंतल म्हटले जाते, त्याच तत्त्वावर चालणाऱ्या या विद्युत झडपा होत. त्यांपैकी काही केवळ उघडतात किंवा मिटतात. काही मात्र विद्युतधारेच्या प्रमाणात तेलाचा दाब कमी-अधिक करतात. अनेक रचनांमध्ये सर्व सोलेनॉइडना धन बाजूचा पुरवठा एकाच सामाईक तारेने मिळतो आणि नियंत्रक प्रत्येकाची ऋण बाजू स्वतंत्रपणे जोडतो किंवा तोडतो.

निरनिराळ्या नियंत्रकांमधील संभाषणासाठी 'कॅन' या नावाने ओळखली जाणारी दोन तारांची संदेशवाहिनी वापरतात. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जाहीर केली. या वाहिनीमुळे तारांची संख्या कमी झाली; पण गिअरबॉक्सचे वर्तन मोटारीतील इतर यंत्रणांवर अवलंबून राहू लागले. चाकाच्या वेगाची माहिती ब्रेकच्या नियंत्रकाकडून येत असेल, तर तेथील दोष गिअर बदलण्यातील दोषाच्या रूपाने प्रकट होऊ शकतो.

३. मर्यादित कार्यावस्था

नियंत्रकाला आपल्या माहितीवर विश्वास ठेवता येईनासा झाला, तर तो धोका न पत्करता सोलेनॉइडचा पुरवठा बंद करतो. वीज नसताना झडपा ज्या स्थितीत येतात, त्या स्थितीत एखादा ठरावीक पुढचा गिअर व रिव्हर्स उपलब्ध राहील अशी योजना रचनाकाराने आधीच केलेली असते. वाहन संथपणे का होईना, पण वर्कशॉपपर्यंत पोहोचावे हा त्यामागील हेतू होय.

ही अवस्था म्हणजे बिघाड नव्हे, तर बिघाडाला दिलेले नियोजित उत्तर आहे, ही बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. मोटार एकाच गिअरमध्ये अडकली, चढावर ओढेनाशी झाली, लिव्हर हलवताना धक्का बसू लागला, या लक्षणांवरून क्लच झिजले असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वस्तुतः वीजपुरवठा नसलेला पूर्णतः निरोगी गिअरबॉक्सही असाच वागतो. म्हणून इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर गिअर काही काळ सुरळीत पडत असतील, तर संशयाचा रोख प्रथम विद्युत प्रणालीकडे वळवावा. झिजलेला क्लच इंजिन बंद-चालू केल्याने दुरुस्त होत नाही.

४. दोषसंकेतांक : अर्थ आणि मर्यादा

अमेरिकेत १९९६ च्या मोटारींपासून ओबीडी प्रणालीचा दुसरा टप्पा सक्तीचा झाला. भारतात भारत स्टेज चार मानकांखालील चारचाकी वाहनांना १ एप्रिल २०१० पासून या प्रणालीचा पहिला टप्पा आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू करण्यात आला. त्यामुळे डॅशबोर्डखालील सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडून नियंत्रकाने नोंदवलेले दोषसंकेतांक वाचता येतात.

संकेतांकातील पहिले अक्षर यंत्रणा दर्शवते. 'पी' हे इंजिन व गिअरबॉक्ससाठी, तर 'यू' हे नियंत्रकांमधील संभाषणासाठी आहे. त्यापुढील अंक शून्य असल्यास संकेतांक बहुधा सर्व उत्पादकांसाठी समान असतो. एक असल्यास तो उत्पादकाचा स्वतःचा असतो. पी ०७०० हा संकेतांक गिअरबॉक्सच्या नियंत्रण प्रणालीत काहीतरी दोष आहे एवढेच सांगतो. तो सूचनावजा असून खरी माहिती गिअरबॉक्सच्या नियंत्रकात असते. केवळ इंजिनाचा नियंत्रक वाचणाऱ्या साध्या स्कॅनरला ती दिसत नाही. पी ०७०५ स्थानदर्शक स्विचच्या, पी ०७१० तेलाच्या तापमान संवेदकाच्या, पी ०७१५ येणाऱ्या वेगाच्या आणि पी ०७२० बाहेर पडणाऱ्या वेगाच्या संवेदकाच्या परिपथाशी संबंधित आहे. पी ०७५३ पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडच्या विद्युत परिपथातील दोष दर्शवतो. यू ०१०१ चा अर्थ गिअरबॉक्सच्या नियंत्रकाशी संपर्क तुटला असा होतो.

या वर्णनांत 'परिपथ' हा शब्द वारंवार येतो आणि तोच नेमका दुर्लक्षिला जातो. नियंत्रकाला संवेदक दिसत नाही. त्याला केवळ आपल्या पिनवरील विभवांतर दिसते. ते अपेक्षित मर्यादेबाहेर गेले की तो नोंद करतो. दोष संवेदकात आहे, तारेत आहे, कनेक्टरच्या पिनेत आहे, अर्थ जोडणीत आहे की खुद्द नियंत्रकात आहे, हे त्याला सांगता येत नाही. न्यायालयीन परिभाषेत बोलायचे तर दोषसंकेतांक ही फिर्याद आहे, निकाल नव्हे.

काही संकेतांक तर विद्युत दोषातून निर्माण होऊनही यांत्रिक दोषाचा आभास निर्माण करतात. समजा, तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.५ आहे. येणारा वेग मिनिटाला ३००० फेरे असेल तर बाहेर पडणारा वेग २००० फेरे असला पाहिजे. बाहेरच्या वेगाच्या संवेदकाची जोडणी सैल असल्याने दहा टक्के स्पंद गळाले, तर नियंत्रकाला १८०० फेरे दिसतात. ३००० भागिले १८०० म्हणजे सुमारे १.६७. गुणोत्तर जुळत नाही म्हणून नियंत्रक क्लच घसरत असल्याची नोंद करतो. प्रत्यक्षात क्लच घसरत असेल तर इंजिनाचा वेग वाढूनही मोटारीचा वेग वाढत नाही. चाकांच्या वेगाचा संकेत हा येथे तिसरा साक्षीदार ठरतो. त्याच्याशी तुलना केली की कोणता संवेदक खोटे बोलतो आहे हे उघड होते.

५. विद्युत दोषांचे प्रकार

विद्युत दोषांचे स्थूलमानाने पाच प्रकार संभवतात : खंडित परिपथ, अर्थशी लघुपरिपथन, धन पुरवठ्याशी लघुपरिपथन, अतिरिक्त रोध आणि अधूनमधून उद्भवणारा दोष. पहिले तीन प्रकार तुलनेने लवकर सापडतात. तापमान संवेदकाचे उदाहरण यासाठी उद्बोधक आहे. अनेक मोटारींत हा संवेदक तापमान वाढले की रोध कमी होणाऱ्या प्रकारचा असतो आणि नियंत्रक त्याला आतील रोधामार्फत ५ व्होल्टचा पुरवठा देतो. तार तुटल्यास पिनवर जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट राहतात आणि स्कॅनरवर उणे ४० अंशांच्या आसपासचे अशक्य तापमान दिसते. तार अर्थला चिकटल्यास विभवांतर शून्याकडे जाते आणि तेल अतितप्त असल्याचे दिसते.

याच गुणधर्माचा उपयोग करून दोषाची जागा निश्चित करता येते. संवेदकाचा कनेक्टर काढल्यावर स्कॅनरवरील आकडा अतिथंड टोकाला गेला आणि कनेक्टरच्या दोन पिना तात्पुरत्या एकमेकींना जोडल्यावर तो अतितप्त टोकाला गेला, तर नियंत्रक आणि मधली वायरिंग दोन्ही निर्दोष आहेत हे सिद्ध होते. उरतो तो संवेदक. आकडा हललाच नाही तर संवेदक बदलून उपयोग नाही, कारण दोष त्याच्या अलीकडे आहे. नवा भाग विकत न घेता, दोन मिनिटांत मिळणारे हे उत्तर आहे.

अतिरिक्त रोध हा चौथा प्रकार अधिक फसवा आहे. गंजलेली पिन, सैल पकड किंवा बहुतांश धागे तुटलेली तार यांतून तो निर्माण होतो. समजा, १२ ओहम रोधाच्या सोलेनॉइडला १२ व्होल्टचा पुरवठा आहे. ओहमच्या नियमानुसार त्यातून १ अँपिअर विद्युतधारा वाहते. कनेक्टरमध्ये ३ ओहमचा अनाहूत रोध निर्माण झाला तर एकूण रोध १५ ओहम होऊन धारा ०.८ अँपिअरवर येते. कनेक्टरवर २.४ व्होल्ट खर्ची पडतात आणि सोलेनॉइडच्या वाट्याला ९.६ व्होल्ट येतात. तेल गरम झाले की यात भर पडते. तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. म्हणजे २० अंशांवर १२ ओहम असलेले वेटोळे १०० अंशांवर सुमारे १५.८ ओहम होते. सकाळी व्यवस्थित चालणारी मोटार तासाभराच्या प्रवासानंतर का अडखळते, याचे स्पष्टीकरण अनेकदा या साध्या गणितात मिळते.

पाचवा प्रकार म्हणजे कंपन, उष्णता किंवा ओलावा यांमुळे अधूनमधून उद्भवणारा दोष. कोकणातील दमट हवा, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलेली मोटार, आडोशासाठी इंजिनाच्या कप्प्यात शिरलेल्या उंदरांनी कुरतडलेल्या तारा ही महाराष्ट्रातील त्याची नेहमीची कारणे होत.

६. निदानाची क्रमवार पद्धती

निदान सोप्या व स्वस्त तपासणीकडून कठीण व खर्चिक तपासणीकडे जावे, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र आहे.

(अ) माहितीचे संकलन : दोष थंड स्थितीत होतो की गरम, पावसात होतो की खड्ड्यात, यापूर्वी बॅटरी बदलली होती का किंवा अपघाताची दुरुस्ती झाली होती का, हे वाहनमालकास विचारावे. सर्व नियंत्रकांतील संकेतांक व दोषाच्या क्षणी साठवलेली स्थिती लिहून घ्यावी. नोंद करण्यापूर्वी संकेतांक पुसून टाकणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

(आ) पुरवठा व अर्थ : पूर्ण भारित बॅटरीचे विभवांतर इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन सुरू असताना साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट असावे. दुर्बळ बॅटरी एकाच वेळी अनेक असंबद्ध संकेतांक निर्माण करू शकते. त्यानंतर फ्यूज, रिले आणि अर्थ जोडण्या तपासाव्यात. सर्व सोलेनॉइडचे संकेतांक एकदम आले असतील, तर सर्व सोलेनॉइड एकाच दिवशी निकामी होण्यापेक्षा त्यांचा सामाईक पुरवठा खंडित होण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. अनेक लक्षणांचे एक समान कारण शोधणे हाच येथे विवेक होय.

(इ) प्रत्यक्ष निरीक्षण : कनेक्टर उघडून पिना वाकल्या आहेत का, हिरवट गंज चढला आहे का, तेल झिरपले आहे का, हे पाहावे. एक्झॉस्टजवळून किंवा धारदार पत्र्यावरून गेलेली वायरिंग विशेष काळजीने तपासावी.

(ई) भाराखालील मापन : केवळ रोध मोजून तार चांगली असल्याचे प्रमाणपत्र देता येत नाही. वीस धाग्यांपैकी एकच धागा शिल्लक असलेली तारही मल्टिमीटरवर जवळजवळ शून्य रोध दाखवते, कारण मल्टिमीटर अत्यल्प धारा पाठवतो. म्हणून परिपथ चालू ठेवून तारेच्या दोन टोकांमधील विभवांतर मोजावे. अर्थ बाजूला ही घट साधारणतः ०.१ व्होल्टच्या आत असावी. ती अधिक असल्यास मल्टिमीटरची टोके जवळजवळ आणत जावे. ज्या जोडणीपाशी घट एकवटलेली दिसेल तेथे दोष आहे. ही एकच चाचणी नीट शिकवली गेली तर अनावश्यक सुटे भाग बदलण्याचे प्रमाण पुष्कळ घटेल.

(उ) हलवून पाहणे आणि तरंगाकृती : अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषासाठी स्कॅनरवर आकडे पाहत वायरिंग टप्प्याटप्प्याने हलवावी. स्कॅनरचा प्रतिसाद संथ असल्याने क्षणिक खंड त्यावर दिसतोच असे नाही. ऑसिलोस्कोपवर मात्र गळालेला स्पंद स्पष्ट दिसतो.

(ऊ) संदेशवाहिनी : कॅन वाहिनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात. ते समांतर जोडणीत असल्याने बॅटरी काढून मोजल्यास दोन तारांमध्ये सुमारे ६० ओहम मिळावेत. १२० ओहम मिळाल्यास वाहिनी कोठेतरी तुटली आहे किंवा एका टोकाचा रोध नाहीसा झाला आहे. शून्याच्या आसपास मिळाल्यास तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. हे मापन सोळा पिनांच्या सॉकेटमधील सहाव्या व चौदाव्या पिनेवर करता येते. तथापि काही मोटारींत सॉकेट आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दुवा साधणारा स्वतंत्र नियंत्रक असतो. तेथे प्रत्यक्ष वाहिनीवरच मापन करावे लागते.

या कामात काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. नियंत्रकाच्या परिपथावर साधा टेस्ट लॅम्प लावू नये. त्यातून जाणारी धारा नाजूक परिपथास हानी पोहोचवू शकते. मल्टिमीटर किमान १० मेगाओहम अंतर्गत रोधाचा असावा. तारेच्या आवरणाला टोचून मापन करणे टाळावे, कारण त्या छिद्रातून पुढे ओलावा शिरतो. नियंत्रकाचा कनेक्टर काढण्यापूर्वी बॅटरी विलग करावी. रस्त्यावरील चाचणीत आकडे पाहण्याचे काम चालकाने न करता सोबतच्या व्यक्तीने करावे.

७. उदाहरण : ७२२.६ गिअरबॉक्स

मर्सिडीझ-बेंझने १९९६ मध्ये वापरात आणलेला ७२२.६ हा पाच गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स वरील तत्त्वांच्या अभ्यासासाठी उत्तम नमुना आहे. ही कंपनी १९९५ पासून पुणे परिसरात मोटारींची जुळणी करत असल्याने महाराष्ट्रातील जुन्या मोटारींच्या वर्कशॉपना तो अपरिचित नाही.

या गिअरबॉक्सच्या तेलपात्रात झडपसमूहावर एक प्लास्टिकची पट्टी बसवलेली असते. तिच्यात सहा सोलेनॉइडच्या जोडण्या, वेगाचे दोन संवेदक, तापमान संवेदक आणि स्टार्टर रोखणारा संपर्क एकत्र असतात. या सर्वांच्या तारा तेरा पिनांच्या एका गोल कनेक्टरमधून बाहेर पडून नियंत्रकाकडे जातात. कनेक्टरभोवती तेल रोखण्यासाठी रबरी कडी असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती कडक होतात आणि तेल कनेक्टरमध्ये झिरपते. तारेच्या बारीक धाग्यांमधील पोकळी केशनळीप्रमाणे काम करते. दिव्याच्या वातीत तेल चढावे त्याप्रमाणे गिअरबॉक्सचे तेल आवरणाच्या आतून थेट नियंत्रकापर्यंत पोहोचते. शुद्ध तेल विजेचे दुर्वाहक असले तरी धातूचे सूक्ष्म कण असलेले तेल संपर्कांमध्ये शिरले की संकेतांमध्ये व्यत्यय येऊ लागतो.

वेगाच्या संवेदकांची रचना येथे विशेष लक्षणीय आहे. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या गिअरमध्ये दोन्ही संवेदकांचे आकडे समान असतात. पहिल्या व पाचव्या गिअरमध्ये एक भाग थोपवून धरलेला असल्याने त्यांपैकी एकाचा आकडा शून्य असतो. म्हणजे नियंत्रकाजवळ संवेदकांची सत्यता पडताळण्याचे अंगभूत साधन आहे. तिसऱ्या गिअरमध्ये दोन आकड्यांत तफावत दिसली तर नियंत्रक मर्यादित कार्यावस्थेत जातो. मोटार थांबवून, लिव्हर पार्किंगमध्ये ठेवून व इंजिन किमान दहा सेकंद बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यास केवळ दुसरा गिअर आणि रिव्हर्स मिळतो.

अशा मोटारीचे निदान करताना पहिली पायरी अगदी साधी आहे : नियंत्रकाचा कनेक्टर उघडून त्यात तेल आहे का ते पाहणे. तेल असल्यास उगम गोल कनेक्टरपाशी आहे. तेथील जोडभाग बदलून, वायरिंग व नियंत्रकाच्या पिना योग्य द्रावकाने स्वच्छ करून पुन्हा चाचणी घ्यावी. तेल नसल्यास नियंत्रकाच्या कनेक्टरमधूनच सोलेनॉइडचे रोध मोजता येतात. ते योग्य असूनही एकाच संवेदकाचा आकडा गाडी चालताना गळत असेल तर तेलपात्रातील पट्टीतील संवेदक संशयास्पद ठरतो. येथे गिअरबॉक्स उघडून क्लच तपासण्याची वेळ सर्वांत शेवटी येते.

हा क्रम उलटा झाल्यास काय होते, हेही विचारात घेण्यासारखे आहे. तेल पोहोचल्याने बिघडलेला नियंत्रक बदलला आणि कनेक्टरची रबरी कडी तशीच ठेवली, तर मोटार काही काळ उत्तम चालते. दुरुस्ती यशस्वी झाली असा समज होतो. यथावकाश त्याच वाटेने तेल नव्या नियंत्रकापर्यंत पोहोचते. परिणामावर उपचार झाला. कारण कायम राहिले.

८. शैक्षणिक उपयुक्तता

औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या अध्यापनात गिअरबॉक्स यंत्र अभियांत्रिकीत, तर परिपथ विद्युत अभियांत्रिकीत शिकवला जातो. विद्यार्थ्याला दोन्ही विषय स्वतंत्रपणे येतात, परंतु त्यांचा संयोग होत नाही. हा संयोग घडवण्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. जुन्या गिअरबॉक्समधील सोलेनॉइड, १२ व्होल्टची बॅटरी, काही मीटर तार आणि मल्टिमीटर एवढ्या साहित्यावर अतिरिक्त रोधाचा प्रयोग करता येतो. अध्यापकाने लपवलेला दोष विद्यार्थ्याने शोधावा आणि प्रत्येक मापनापूर्वी 'अमुक आकडा मिळाल्यास काय सिद्ध होईल' हे वहीत लिहावे, अशी रचना असल्यास प्रयोगाला तर्कशास्त्राची बैठक लाभते.

हे शिक्षण तंत्रज्ञानापुरते मर्यादित राहत नाही. लक्षण आणि कारण यांतील भेद, अनेक लक्षणांमागील समान कारणाचा शोध, स्वतंत्र साक्षीदाराद्वारे पडताळणी आणि उपचारानंतर पुनर्तपासणी ही सूत्रे वैद्यक, विज्ञान व सामाजिक संशोधन या सर्वांना लागू पडतात.

९. निष्कर्ष

१. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या वर्तनातील बिघाड विद्युत कारणांनीही होतो. मर्यादित कार्यावस्था हा यांत्रिक झिजेचा पुरावा मानता येत नाही.

२. दोषसंकेतांक परिपथाकडे निर्देश करतो, विशिष्ट भागाकडे नव्हे. सबब केवळ संकेतांकाच्या आधारे सुटा भाग बदलणे अशास्त्रीय आहे.

३. भाराखालील विभवांतराची घट मोजणे ही अतिरिक्त रोध शोधण्याची विश्वसनीय चाचणी होय; केवळ रोधमापन अपुरे ठरते.

४. पुरवठा, अर्थ आणि कनेक्टर यांची तपासणी पूर्ण झाल्याखेरीज नियंत्रक किंवा गिअरबॉक्स सदोष ठरवू नये.

५. दोषाचे मूळ कारण दूर न करता केलेली दुरुस्ती तात्पुरती असते, हे ७२२.६ गिअरबॉक्सच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

६. यांत्रिक व विद्युत ज्ञानाचा समन्वय साधणारे प्रशिक्षण दिल्यास वाहनमालकाचा अनाठायी खर्च वाचेल आणि रस्त्यावरील सुरक्षितताही वाढेल.